जुरोंग ईस्टची बैलगाडी

दिलीप दाबके आयुष्यात कधी कुठे उशिरा पोहोचला नाही. ही स्तुती नव्हे, तक्रार आहे. रविवारी सकाळी सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे तिथल्या खाऊबाजारात, भेटायचं ठरलं की हा माणूस ठरलेल्या वेळेच्या आधीच येऊन, पंख्याखालचं टेबल पटकावून, आपली बिनसाखरेची काळी कॉफी अर्धी संपवून माझ्याकडे असा बघायचा की जणू मी त्याच्या मुंजीला उशिरा आलोय. "या मंगेशराव," म्हणायचा, "आज एमआरटीची गाडी ढकलत आणलीत का?" वर्षानुवर्षं हे ऐकून मी इतका पिकलो होतो की त्या रविवारी सूड घ्यायचं ठरवलं. क्लेमेंटीच्या माझ्या घरून इतक्या लवकर निघालो की बायकोला वाटलं मी जॉगिंग सुरू केलं. पंख्याखालचं टेबल मी पकडलं, दोन कॉफ्या आणि नारळाचा जॅम लावलेले टोस्ट मी मागवले, त्याला ऐकवायचं वाक्यही घोकून ठेवलं, आणि ते त्याच्या तोंडावर फेकायला मिळणार या आनंदात बसून राहिलो... त्याची कॉफी निवली. मग माझा आनंद निवला. मग मी चिडलो, चांगला चिडलो. आणि फोनवर त्याचं नाव दिसलं तेव्हा 'हॅलो' न म्हणता मी ते घोकलेलं वाक्यच म्हणालो, "काय दाबकेसाहेब, तुआसहून पोहत येताय का?" पलीकडे शुभावहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "मंगेश, दिलीप उठत नाहीये रे."

झोपेतच गेला. कसला आजार नाही, कसलं दुखणं नाही. भेटायला आलेले लोक म्हणत होते, भाग्यवान. मी म्हणतो, आगाऊ. तिथेसुद्धा वेळेआधी जाऊन टेबल पकडून बसला असेल.

त्याला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. दिलीप सिंगापूरच्या पार टोकाला, तुआसला, जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होता आणि जगात एकच पाप आहे, ढिलाई, असं त्याचं ठाम मत होतं. खिशात कायम छोटा स्क्रूड्रायव्हर. आमच्या घरी आला की आधी चहा नाही, पाणी नाही, आधी खुर्च्या उलट्या करून त्यांचे स्क्रू आवळणार. आमच्या कुकरचं हँडल त्याने एकदा असं आवळलं की पुढे कुकर गेला, हँडल आहे तसंच होतं. माझी बायको तो यायच्या दिवशी लोणच्याच्या बरण्या आधीच उघडून ठेवायची, कारण त्याने बंद केलेलं झाकण उघडायला पुन्हा त्यालाच बोलवावं लागे. आणि तो यायचा! टोपी सावरत, विजयी मुद्रेने यायचा. कौतुक मात्र कशाचं करणार नाही. पुरणपोळी खाऊन "ठीक आहे". मुलीचा पदवीदान समारंभ पाहून "ठीक आहे". शुभावहिनी लग्नात कशा दिसत होत्या हे मी त्याला मुद्दाम त्यांच्यासमोर विचारलं होतं, तर म्हणाला, "अंतरपाट होता रे मध्ये."

त्याची मुलगी ईशा नोकरीसाठी कोस्टारिकाला गेली तेव्हा वहिनींनी मला गळ घातली. कोस्टारिका म्हणजे मध्य अमेरिकेतला चिमुकला देश, सिंगापूरहून पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला. "तू चल मंगेश," त्या म्हणाल्या, "एवढा लांबचा दिलीप मला एकटीला झेपायचा नाही." माझ्या बायकोने तत्काळ माझी रजा मंजूर केली. गेलो. विमानात त्याने माझ्या सीटचा ट्रे आवळला. ज्वालामुखी पाहिला, ठीक आहे. समुद्र पाहिला, ठीक आहे. झाडावरचा टूकान पक्षी, आपली ती भलीमोठी रंगीत चोच घेऊन, अगदी कॅलेंडरसारखा आमच्यासमोर बसला. दिलीप म्हणाला, "चोचीच्या मानाने मान बारीक आहे. लोड येत असणार." ईशा अस्सल सिंगापुरी सुरात ओरडली, "बाबा, इनफ लाह! जस्ट एन्जॉय!"

मग एके सकाळी ती आम्हाला सार्चीला घेऊन गेली. डोंगरातलं हे लहानसं गाव हातकामासाठी ओळखलं जातं, आणि हातकाम म्हणजे काय, तर बैलगाड्या! पूर्वी डोंगरातली कॉफी बैलगाड्यांतून समुद्रापर्यंत जायची. ट्रक आले, बैल गेले, पण गाड्या रंगवायची हौस काही गेली नाही. चौकात चर्चसमोर चर्चशीच स्पर्धा करणारी एक अवाढव्य गाडी उभी. बसथांब्यापासून कचराकुंडीपर्यंत सगळ्यावर तीच नक्षी, केशरी, निळी, हिरवी, चाकाच्या मध्यातून फुटणाऱ्या पाकळ्या. चाकंही आपल्यासारखी आऱ्यांची नव्हेत, पोळपाटासारखी भरीव. मी हरखलो. वहिनी हरखल्या. आम्ही तिघेही पुण्याचे, पेठेत वाढलेले, बैलगाडीत बसलोय ते फक्त हुरडा पार्टीला तिकीट काढून. दिलीपने एका गाडीखाली डोकं घातलं आणि खालून आवाज आला, "ठीक आहे."

ज्या कारखान्यात आम्ही शिरलो तिथे एक ठसठशीत बाई गिऱ्हाइकांना गाड्या दाखवत होत्या. त्या स्पॅनिशमध्ये बोलायच्या, ईशा आम्हाला सांगायची. त्यांनी एक गाडी हाताने थोडी पुढे ओढली आणि चाकातून आवाज आला, टण्... टक. मग दुसरी ओढली. तिचा आवाज निराळा, जरा खोल. ईशा म्हणाली, "प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा असतो म्हणे. पूर्वी घरच्या बायकांना लांबून आवाजावरून कळायचं, आपला माणूस आला की शेजारणीचा."

"चल, काहीतरीच," वहिनी म्हणाल्या.

दिलीप इथेही एका गाडीखाली शिरला होता, तो मात्र बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "काहीतरीच नाही," तो म्हणाला. "हा आवाज ढिलाईचा आहे. चाक आसावर पक्कं बसवलेलं नाही, सूतभर मोकळं ठेवलंय. गाडी हलली की चाक आत-बाहेर सरकतं आणि मधली लोखंडी कडी आदळते." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आमच्यासारख्या हिशेबनीसांसाठी त्याने दोन बोटांनी दाखवलं. "घट्ट बसवलं तर मुकं होईल. मुद्दाम ढिलं ठेवलंय, शुभा. मुद्दाम!" एखाद्या ब्रह्मचाऱ्याने मेनका पाहावी तसा तो त्या चाकाकडे बघत होता.

आणि मग सुरू झाला आमचा छळ. त्याला गाडी हवी होती. कपाटात ठेवायची हातभर नाही, दोन वासरं ओढतील एवढी. आणि तिचा आवाज त्याला पटायला हवा होता. कारखान्यातली एकेक गाडी तो मागे-पुढे ओढायचा, चाकाला कान लावायचा, मान हलवायचा. "भांडं पडल्यासारखा येतोय." पुढची. "हा देवळाच्या घंटेसारखा, उगाच भक्तिभाव येईल." पुढची. वहिनी बाहेर जाऊन दोनदा कॉफी पिऊन आल्या. एक अख्खी पर्यटकांची बस आली, गेली. ईशा एका चाकावर डोकं टेकून झोपली. शेवटी त्या बाई कमरेवर हात ठेवून ईशाला काहीतरी म्हणाल्या आणि ईशा खो खो हसायला लागली. "त्या विचारतायत, एवढं पारखून नेताय, पण ओढायला बैल आहे का?"

"आहे ना," वहिनी म्हणाल्या. "मी."

गाडी सिंगापूरला आली ती सुट्या भागांत, फळ्या-फळ्यांच्या गठ्ठ्यात. गाडी जोडायची कशी आणि हवी तेव्हा मोडून ठेवायची कशी, याची छान चित्रंही बनवणाऱ्यांनी दिली होती. दिलीपने ती पाहिली आणि त्याला तिडीक आली. "मोडून ठेवायची? गाडी आहे की छत्री? हे सांधे बघ मंग्या, डुगडुगतायत!" मी म्हणालो, "अरे, ते सांधे मुद्दाम तसे केलेत." पण त्याची मुद्दाम ढिलाईची शिधापत्रिका चाकापाशी संपली होती. यार्डात पंपांचे पाय घट्ट बसवायला वापरतात तसलं इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद, त्याने आणलं आणि हॉलच्या मधोमध बसून तळ, बाजू, दांडी, एकेक सांधा कायमचा जाम करून टाकला. वर बोल्ट. सगळं झाल्यावर उभा राहिला, हात पुसले. मी दाराकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, पुन्हा दाराकडे बघितलं. "दिल्या, ही आता दारातून बाहेर कशी जाणार?"

"कशाला जाईल बाहेर?" तो म्हणाला. "बाहेर काय आहे?"

मग त्या घरातून सोफा गेला, आणि गाडी राहिली. तिच्यात वर्तमानपत्रं आली, इस्त्रीचे कपडे आले, भाद्रपदात मखराच्या जागी तीच सजली आणि गणपतीबाप्पा कोस्टारिकाच्या बैलगाडीत बसून जुरोंग ईस्टच्या मराठी मंडळींकडून मोदक स्वीकारू लागले. पण गाडीचं खरं काम संध्याकाळी असायचं. तुआसहून आला की दिलीप बाहेर बूट न काढता, त्या ग्रीसने माखलेल्या सेफ्टी बुटांनिशी थेट आत शिरायचा आणि गाडी वीतभर पुढे ओढायचा. टण्... टक. आणि आतून, स्वयंपाकघरातून, वहिनींचा आवाज, "बूट बाहेर काढ!" रोज. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की मला त्यातला ताल पाठ आहे. गाडीच्या दोन मात्रा, वहिनींची समेवरची आरोळी. एकदा त्या माझ्यासमोरच त्याच्यावर तापल्या. "मला कळतं तू आलायस ते! लोखंडी गेट वाजतं की. कशाला रोज फरशी घाण करून ती गाडी वाजवायची?"

"गेट कुणाचंही वाजतं," दिलीप म्हणाला, आणि बूट काढायला बाहेर गेला.

तो गेल्यावर ईशा आली, दिवसकार्य झालं, ईशा परत गेली. एवढं मोठं घर वहिनींना नकोसं झालं. आमच्याजवळ क्लेमेंटीला दोन खोल्यांची जागा त्यांनी ठरवली, जुरोंगचं घर विकलंही गेलं. आणि मग जे मला इतकी वर्षं दिसत होतं ते सगळ्यांना दिसलं, गाडी दारातून जात नव्हती. चाकापासून चाकापर्यंतची रुंदी दारापेक्षा ऐसपैस जास्त. आडवी करा, उभी करा, तिरकी करा, कागदावर मी सगळं करून पाहिलं. खिडक्यांना जाळ्या. नवीन मालक सज्जन गृहस्थ, पण घर बघायला आले तेव्हा गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "व्हेरी नाइस. बट काउ-कार्ट कॅनॉट स्टे, लाह."

"कापून टाका," वहिनी म्हणाल्या. अगदी कोरड्या आवाजात. तिकडून व्हिडिओवर ईशा रडायला लागली, "आई, डोन्ट यू डेअर!" तर वहिनी तिच्यावर उखडल्या. "तू ये आणि ने मग खांद्यावर! जन्मभर याने सगळं असं आवळून ठेवलं की बाकीच्यांनी नखं मोडून घ्यायची. लोणच्याची बरणी कापता येत नाही म्हणून फेकली मी परवा. गाडी कापता येते ना? मग कापा." आणि हे बोलताना त्या ज्या बाजूला उभ्या होत्या, ती गाडीच्या आणि माझ्या मधली बाजू होती. मी जवळ गेलो असतो तर मला हात लावू दिला असता असं वाटत नाही. तो गेल्यापासून त्या गाडीला कुणीच हात लावला नव्हता. आलेल्या कुणीतरी तिच्यावर चादर टाकली होती, ती तशीच होती.

मी चडफडत घरी आलो. वहिनींवर नाही, त्याच्यावर. मरायचं होतं तर गाडीचे सांधे सोडवून मरायचं! आता तुझ्या बायकोने काय करावं? तुझ्या हातचं शेवटचं मोठं काम करवतीखाली जाताना बघावं, की नको त्या घरात तुझ्या इपॉक्सीला चिकटून राहावं? मला चांगलं ठाऊक होतं की ती गाडी कापली गेली तर वहिनी 'सुटले बाई' म्हणतील आणि त्यानंतर पुन्हा कधी आवाज चढवून बोलणार नाहीत. तेवढंच मला परवडणारं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी घरगुती दुरुस्त्या करणारे एक वयस्कर चिनी अंकल इलेक्ट्रिक करवत घेऊन आले. बाहेर चपला काढून आत आले. वहिनी दार उघडून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. "तुम्ही करा काय ते. मी चहा टाकते." अंकलनी चादर काढली. सांध्यांवरून बोट फिरवलं. वाकून खाली पाहिलं. "वाह," ते म्हणाले, "हू डू धिस वन? सो सॉलिड." मी म्हणालो, "माय फ्रेंड." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या मित्रनिवडीबद्दल त्यांना शंका आहे. मग करवतीला जागा हवी म्हणून त्यांनी दांडी धरली आणि गाडी भिंतीपासून पुढे ओढली.

टण्... टक.

"बूट बाहेर काढ!"

आतून. खणखणीत. समेवर.

अंकलना मराठी येत नव्हतं, पण त्या आवाजाला भाषांतर लागत नाही. त्यांनी दांडी सोडली आणि घाबरून आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. खरं सांगतो, पाहिलं... नंतर नुसता चहा उतू गेल्याचा फस्स आवाज आला, आणि कुणी गॅस बंद केला नाही. बराच वेळ केला नाही. मग वहिनी बाहेर आल्या. हातात सांडशी. चेहरा मला वाचता आला नाही. त्या गाडीपाशी येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "वाजलं."

"हो," मी म्हणालो. "वहिनी, तुम्ही बसा जरा."

"अरे, बसा काय! वाजलं ना?" आणि त्या माझ्यावर ओरडल्या, सगळा जीव एकवटून, अगदी पूर्वीसारख्या, "वाजलं म्हणजे ढिलं आहे, मंगेश! घट्ट असतं तर मुकं झालं असतं! काय सांगत होता तो तिथे, दोन बोटं दाखवून? सगळं चिकटवलं असेल त्याने, चाकं नाही चिकटवली!"

आता सांगा, मी इतके दिवस कागदावर गाडी तिरकी करत बसलो होतो. दिलीप म्हणजे आवळलेलं, हे आम्ही सगळ्यांनी इतकं धरून ठेवलं होतं की चाकाकडे कुणी पाहिलंच नाही. चाकाच्या मधोमध पाकळ्या रंगवलेलं एक लाकडी झाकण होतं. वहिनींनी सांडशीचं टोक घालून ते उचकटलं. आत आसाला आरपार एक खीळ, साधी, हाताने निघणारी. ना इपॉक्सी, ना बोल्ट. वंगण मात्र ताजं, काळंभोर. तुआसहून येताना तो दारात घेऊन यायचा तसल्या वासाचं. अंकलनी आणि मी चाक दोन्ही हातांनी ओढलं आणि ते इतक्या सहज सुटून आलं की आम्ही दोघेही त्याच्यासकट मागे बसलो. दुसरंही तसंच. बिनचाकाची गाडी जरा तिरकी होऊन दारातून बाहेर गेली. ओरखडा नाही. अंकल करवत पिशवीत भरत म्हणाले, "युअर हजबंड, व्हेरी क्लेव्हर."

"नो, नो," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "व्हेरी स्टबर्न."

क्लेमेंटीच्या घरात चाकं मी बसवली. म्हणजे बसवली असं मला वाटलं. गाडी ओढली तर आवाजच नाही. वहिनी जमिनीवर बसल्या, चाकाला कान लावला, मान हलवली. "घट्ट झालं." मी खिळीमागची एक चकती काढून सैल केलं. "आता भांडं पडल्यासारखं येतंय." मी आवळलं. "नाही. अजून थोडं..." माझी बायको बाहेर जाऊन दोनदा कॉफी पिऊन आली. सार्चीच्या त्या बाईंची मला मनापासून आठवण आली. सूतभर म्हणजे किती, हे दाखवायला आता दोन बोटं नव्हती ना. पण झालं शेवटी. वहिनींनी मान हलवायची थांबवली, उठल्या आणि आत गेल्या. ठीक आहेसुद्धा म्हणाल्या नाहीत.

गेल्या रविवारी मी तिकडे गेलो. दार उघडंच होतं, वहिनी आत काहीतरी परतत होत्या. माझ्यातला वात्रटपणा या वयातही काही केल्या जात नाही. मी बूट न काढता आत शिरलो, मुद्दाम पाय आपटत शिरलो, दांडी धरली आणि गाडी वीतभर ओढली. टण्... टक. हुबेहूब. आणि ओरडा खायला तयार होऊन उभा राहिलो.

"ये मंगेश," आतून आवाज आला, गोड, पाहुण्याला द्यावा तसा. "बूट असू देत रे. फरशी पुसायचीच आहे."

मी तसाच उभा होतो. चिडलो होतो. त्याच्यावर, अर्थातच. मग बाहेर गेलो आणि बूट काढून, जोडी नीट भिंतीला लावून, पुन्हा आत आलो.